चाळीस पावलांचा झेंडा

भांडण एका आयतीवरून सुरू झालं.

कोकबुलाकच्या दौलत बेकने, म्हणजे तिथल्या सरदाराने, आपल्या नव्या झेंड्यावर 'मदत अल्लाहकडून, आणि विजय जवळच' ही कुराणातली आयत लिहवून घेतली. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं; आयत सगळ्यांची आहे. पण चिनोरच्या नियाझकुल बेकच्या झेंड्यावरही आजोबांच्या काळापासून हीच आयत होती, आणि दौलत बेकची अक्षरं तिच्यापेक्षा वीतभर उंच निघाली. नियाझकुल बेकच्या तोंडची चव गेली. लढाईच्या दिवशी दोन्हीकडून एकच मागणं वर गेलं, तर आधी कुणाचं वाचलं जाईल? ज्याचं अक्षर मोठं त्याचं, हे तर लहान पोरालाही कळतं. चौथ्या दिवशी त्याने दरबारात जाहीर केलं की नवा झेंडा करायचा, अक्षरं हातभर उंच काढायची, आणि खरबुजं पिकायच्या आत कोकबुलाकवर चालून जायचं.

बुखाऱ्याच्या जरीकाम करणाऱ्यांनी पुढच्या वसंताचा वायदा दिला. तेवढा धीर बेककडे नव्हता. मग कुणीतरी ओयदिनचं नाव काढलं.

ओयदिन ही चिनोरची आखणारी. लग्नाच्या चादरींवर सुई चालण्याआधी बोरूने वेलबुट्टी आखून द्यायची ती हिनेच. आई मुलींना कुराण शिकवायची, त्यामुळे हिला अक्षर येत होतं. वय एकवीस. पाच महिन्यांची मुलगी सानम, सासू होसियतबीबी, आणि नवरा तुरोब, ज्याच्या उंचीवर गावाची निम्मी करमणूक चाले. ओयदिनचा स्वभाव असा की झालेल्या गोष्टींपेक्षा न झालेल्याच तिला जास्त दिसायच्या. पाळण्याच्या पट्ट्या ती दिवसातून सात वेळा तपासायची. जर्दाळू पोरीच्या हातात नसायचाच, तरी तिला त्यातली बी घशात अडकलेली दिसायची.

बेक स्वतः कापड बघायला आला तेव्हा तुरोब दारातून वाकून आत येत होता. एवढं वाकूनही त्याची टोपी चौकटीला लागून पडली.

"हा कोण?" बेकने विचारलं.

"माझा मुलगा, तक्सीर," सासू म्हणाली. थोरामोठ्यांना सगळे तक्सीर म्हणत. ती म्हणताना इतकी फुलली की ओयदिनला तेव्हाच धस्स झालं.

बेकने तुरोबला पायापासून वर बघायला सुरुवात केली. त्याला वेळ लागला. "झेंडा हा धरील," तो म्हणाला आणि गेला.

"ऐकलंस का?" सासूने टाळी वाजवली. "अख्ख्या फौजेच्या पुढे माझा तुरोब!"

"बीबीजान, आधीच्या झेंडेकऱ्यांचं काय झालं ते विसरलात का?"

आधीचे झेंडेकरी तीन. एकाचा हात गेला, एकाची मान गेली, आणि तिसऱ्याचं काय गेलं ते सांगायला तिसराच परत आला नाही. शत्रू बाण सोडतो तो झेंड्याखालीच.

"शुभ बोल गं," सासू म्हणाली. "त्याच्या डोक्यावर आयत असणार. बाण काय वाचल्याशिवाय येतो?"

ओयदिनने बोरू घेतला. आपल्याच नवऱ्याच्या डोक्यावरची खूण आपणच आखायची, आणि ती जितकी सुरेख तितकी लांबून दिसणार, हे तिला कळत होतं. पण वाईट आखायला हात धजेना. त्याच्यावर अल्लाहचं नाव होतं.

झेंडा वाढत गेला. वरच्या काठाला कलमा हवा, असं काझी म्हणाले. चार कोपऱ्यांत चार खलिफांची नावं हवीत, असं बेकची आई म्हणाली. मध्यभागी दोन टोकांची तलवार, हे बेकचं. मग आजोबांना स्वप्नात मिळालेली दुआ, मग आजोबांचं नाव, मग आजोबांना झोप लागावी म्हणून वाचलेली दुआ. कापड नऊ हातांचं झालं. घराच्या तुळईला टांगलं तेव्हा चारी बाजूंनी अक्षरंच अक्षरं. आता नावाकडे पाय करून झोपायचं तरी कसं? होसियतबीबी तीन दिवस बसून झोपली.

"हा झेंडा लढाईला कधी जातोय?" तिने चौथ्या दिवशी पाठ दाबत विचारलं. "माझे गुडघे आधी शहीद होतील."

मग चिनोरच्या रिवाजाप्रमाणे आखलेल्या कापडाच्या पट्ट्या सुट्या करून आठ घरांत शिवायला वाटल्या. आठही घरांतल्या बायका चांगल्या शिवणाऱ्या, पण आजवर त्यांनी लग्नाच्या चादरीच शिवलेल्या. नजर लागू नये म्हणून मिरची, नवऱ्याचं मन ठरावं म्हणून बदाम, असं काहीबाही घातल्याशिवाय त्यांचा हात थांबेचना. पट्ट्या परत आल्या तेव्हा विजयाच्या आयतीभोवती मिरच्यांचा वेल चढला होता आणि तलवारीच्या एका टोकाला बदाम लागला होता. जोडताना तलवार मधेच बोटभर लचकली. पाहणाऱ्याला वाटावं, मोठ्या घरची वरात निघालीय आणि नवरदेवाच्या हाती काहीतरी धारदार आहे.

शेवटची पट्टी जोडत असताना पाळण्यात सानम ठसकली. ओयदिनने मान वळवली आणि सुई बोटात गेली. मसुरीएवढा रक्ताचा थेंब काठावरच्या एका मिरचीवर पडला. अक्षर तिथून चार बोटं लांब होतं.

"लाल मिरचीवर लाल थेंब," सासू म्हणाली. "अल्लाहने झाकलंय, तू उघडू नकोस."

पण ओयदिनला ते थेंबाएवढं दिसेचना. या थेंबाने झेंड्याची बरकत गेली तर? आणि बरकत गेलेल्या झेंड्याखाली तुरोब उभा असला तर? ती बुरखा घेऊन, पोरगी काखेत मारून, काझींकडे गेली.

काझी सद्रिद्दीन म्हातारे होते. वीस वर्षं त्यांच्यापुढे दोनच प्रश्न येत: बकरी कुणाची आणि पाटाचं पाणी कुणाचं. धर्माचा खराखुरा प्रश्न ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"केवढा थेंब, पोरी?"

"मसुरीएवढा, तक्सीर."

"नमाजाच्या कपड्यावर एवढा माफ आहे. पण हा नमाजाचा कपडा नव्हे. ह्याच्यावर नाव आहे." ते आनंदाने पुढे सरसावले. "तेवढा काठ धुवायचा. पाणी पायदळी जाऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं. आणि पुन्हा शिंतोडा येणार नाही याची काळजी घ्यायची. असा कपडा रक्तापासून लांब ठेवावा."

"ठेवते, तक्सीर." ती उठली. दारापर्यंत गेली, आणि तिथे तिला रस्त्यात पडलेलं नाणं दिसावं तसं काहीतरी दिसलं. ती थांबली. "घरी मी ठेवीन. पण कोकबुलाकला कोण ठेवणार?"

"कोकबुलाकला काय आहे?"

"लढाई, तक्सीर."

काझींचा हात दाढीत होता तो दाढीतच राहिला.

मग काझींनी दोन दिवस दार लावून घेतलं आणि पुस्तकं काढली. तिसऱ्या दिवशी खाटकाला बोलावून अंगणात एक बोकड कापवला आणि शिंतोडा किती लांब जातो ते दोरीने मोजलं. सहा पावलं. माणूस बोकडाहून मोठा, घोडा माणसाहून मोठा, लढाईत माणसं उसळून मारतात, वर वाऱ्याचा भरवसा नाही. असं करत करत ते चाळिसावर आले. रक्त सांडत असेल तिथून चाळीस पावलांच्या आत हा झेंडा नेणं योग्य नाही, असा निवाडा त्यांनी लिहिला, मोहोर लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा निवांत झोपले.

दरबारात निवाडा वाचला गेला तेव्हा झेंडा घेऊन आलेली ओयदिन दाराआड उभी होती.

"आजोबांच्या काळी चालत होतं की!" बेक ओरडला.

"आजोबांच्या काळी कुणी विचारलं नव्हतं, तक्सीर," काझी म्हणाले.

"मग जुना झेंडा काढा."

"त्याच्यावरही आयत आहे."

बेकने उशीवर मूठ मारली. "ठीक आहे. झेंडा मागे टेकडीवर राहील, चाळीस पावलं सोडून. फौज पुढे जाईल. झालं?"

यावर खरं तर जयजयकार व्हायचा. पण सगळे सैनिक आपापल्या बुटांकडे बघत राहिले. शेवटी एक म्हातारा शिपाई खाकरला. "तक्सीर, शपथ."

शपथ बेकनेच घ्यायला लावली होती. मागच्या वर्षी जिंकत आलेली लढाई सोडून निम्मी फौज मेंढरं लुटायला पुढे पळाली होती आणि उरलेली निम्मी सावलीत जाऊन बसली होती. त्यावर बेकने प्रत्येकाला झेंड्याच्या काठीवर हात ठेवून म्हणायला लावलं होतं: मी झेंड्याच्या पुढे पाऊल टाकलं, किंवा झेंडा सोडून मागे राहिलो, तर माझ्या बायकोला तीन तलाक. आदर्श म्हणून पहिला हात त्याने स्वतः ठेवला होता. त्याला बायका चार. त्यातल्या दोघी तेव्हापासून नमाजाला बराच वेळ बसत.

"शपथ परत घेता येते ना?" बेकने खालच्या आवाजात विचारलं.

"शपथ येईल, तक्सीर," काझी म्हणाले. "तलाक परत येत नाही."

दाराआड ओयदिनने सानमला छातीशी घट्ट धरलं. झेंडा रक्ताजवळ जायचा नाही. माणसं झेंड्यापुढे जायची नाहीत. तिने ते मनात तीन वेळा उलटसुलट करून बघितलं, चादरीच्या पाठीमागचा टाका बघावा तसं. कुठे सुटलेला नव्हता.

पण बेक तो बेकच. "तरी जायचं!" त्याने ठरवलं. "हा झेंडा बघूनच दौलत बेकची बोबडी वळेल. रक्त सांडायची वेळच येणार नाही."

शुक्रवारी फौज निघाली. काठी इतकी जड होती की घोड्यावर बसून ती पेलेना, म्हणून तुरोब पायी. ओयदिनने त्याच्या कमरेला भाकरी बांधली.

"अहो, काहीही झालं तरी चाळीस पावलं. बेक ओरडला तरी."

"चाळिसापर्यंत येतं मला."

"पन्नास मोजा."

"माझी पावलं मोठी आहेत, अगं. तीसच पुरतील."

"तुम्ही पन्नास मोजा!"

कोरडी नदी तिथून दोन कोस. छतावरून धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. ओयदिन पोरीला पाजत छतावर बसली आणि धुळीच्या वर झेंड्याचा ठिपका शोधत राहिली. झेंडा उभा आहे म्हणजे ते उभे आहेत, एवढाच हिशेब. सासूने दोनदा चहा आणला. दोन्ही वेळा प्याल्यातच निवला.

नदीवर काय झालं ते नंतर तीनशे माणसांनी तीनशे तऱ्हांनी सांगितलं. सगळ्यांच्या सांगण्यात समान होतं ते असं. दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. चालून आलेल्याने आधी सुरुवात करायची, म्हणून कोकबुलाकवाले वाट बघत होते. चिनोरवाल्यांना पुढे जायचं नव्हतं. एका बाजूने 'मदत अल्लाहकडून' फडकत होतं, दुसऱ्या बाजूनेही तेच फडकत होतं, आणि मधल्या वाळूत एक साळुंकी किडे टिपत होती. ऊन चढलं. शिव्या देऊन संपल्या. कोकबुलाकच्या एकाने मिरच्या बघून ओरडून विचारलं, "नवरी कुठेय?"

दुपारी एर्गाशचा घोळणा फुटला.

एर्गाश हा पहिल्या रांगेतला शिपाई, लग्न होऊन आठ दिवस झालेला. उन्हाने त्याच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. तुरोबने बघितलं; अंतर अकरा पावलं. तुरोब प्रामाणिक माणूस. त्याने काठी खांद्यावर नीट घेतली आणि मोजत चालू लागला, एक, दोन, तीन.

झेंडा जिकडे चालला ती पुढची दिशा. फौज त्याच्यामागे वळली. मागे राहून कुणाला तलाक परवडणार? एर्गाशला तर मुळीच नाही. तो नाकाला बाही लावून सगळ्यांत जोरात धावला. तो जवळ येतोय म्हटल्यावर तुरोबने पावलं लांब टाकली. तुरोब लांब चाललाय म्हटल्यावर एर्गाश पळत सुटला. एर्गाश पळतोय म्हटल्यावर तुरोब पळाला. मग सगळेच पळाले. बेक घोड्यावर होता, पण घोडा झेंड्याच्या पुढे गेला असता तर घरात एकही बायको उरली नसती. म्हणून तो लगाम ओढून, तोंडात धूळ घेत, पायी पळणाऱ्या माणसामागून दुडक्या चालीने येत होता.

कोकबुलाकवाल्यांनी एवढी शिस्तीची माघार जन्मात बघितली नव्हती. कुणीही कुणाला ओलांडत नव्हतं. हा नक्की सापळा आहे, असं ठरवून ते जागचे हलले नाहीत.

छतावरून ओयदिनला धूळ मोठी होताना दिसली. मग झेंडा. मग झेंड्याखाली उंच, वेडीवाकडी धावणारी आकृती, आणि मागे अख्खी फौज.

"जिंकले!" सासू ओरडली.

"जिंकलेले एवढं पळत नाहीत, बीबीजान."

"मग हरले?"

"हरलेले रांगेत पळत नाहीत."

तुरोब वेशीतून आत आला, बाजारातून गेला, आणि रस्ता संपल्यामुळे मशिदीपुढच्या तळ्याला प्रदक्षिणा घालू लागला. मागे एर्गाश. मागे तीनशे माणसं आणि एक घोडा. तळं गोल असल्यामुळे कोण कुणाच्या पुढे आहे हा नवाच प्रश्न उभा राहिला. काझी मशिदीच्या पायरीवर हात वर करून ओरडत होते, "फक्त तोंड जिकडे तिकडेच बघा! मागे वळून मोजू नका!"

तळं ओयदिनच्या भिंतीला लागूनच. तिसऱ्या फेरीत तिला तुरोबचं तोंड दिसलं, भाजलेल्या बिटासारखं. बाण लागला नाही तरी माणूस धावून धावून मरू शकतो, हे तिला लख्ख दिसलं. तिने सानम सासूच्या हाती दिली, पाण्याची घागर उचलली, आणि छताच्या काठाशी उभी राहिली. तुरोबला जाऊ दिलं. मग एर्गाश खाली आला तशी अख्खी घागर त्याच्या टाळूवर रिकामी केली.

"नाक चिमटीत धर!" ती ओरडली. "वर नको बघू, मेल्या! मान खाली घाल! तोंडाने श्वास घे!"

एर्गाश जागच्या जागी बसला. मागचे त्याच्यावर आदळले. तळ्याकाठी तीनशे माणसं ढिगाने पडली, आणि शंभर मोजून होईतो कुणी हललं नाही. रक्त थांबलं. तुरोब थांबला. काठी त्याच्या हातात सरळ होती. झेंड्याला धूळसुद्धा लागली नव्हती.

बेकने संध्याकाळी विजय जाहीर केला. पाठलाग करायची शत्रूची छाती झाली नाही, आपला एक माणूस पडला नाही, पवित्र झेंड्यावर एक थेंब उडाला नाही. आणखी काय हवं? पुलाव शिजला. ओयदिनने तुरोबचे तळवे कोमट पाण्यात बुडवून ठेवले. दोन दिवस ती झोपली नव्हती. त्या रात्री पाळण्याची पट्टी एकदाच तपासून झोपली.

पाचव्या दिवशी बेकने तिला बोलावलं. या वेळी तो हसत होता, आणि त्याने तिची झोप पुन्हा उडाली.

"नवा झेंडा," तो म्हणाला. "लाल. साधा. एकही अक्षर नको, तलवार नको, मिरची तर नकोच नको. नाव नाही तर निवाडा नाही. त्याला रक्तात बुडवला तरी काझी तोंड उघडणार नाहीत."

काझी शेजारीच बसले होते. त्यांनी दुःखाने मान हलवली. तोंड उघडलं नाही.

"धरणार कोण, तक्सीर?" तिने विचारलं, ठाऊक असूनही.

"तुरोबच! दोन कोस पळाला आणि काठी वाकू दिली नाही. असा माणूस सगळ्यांच्या पुढेच हवा."

कापड घरी आलं. नऊ हात, गुळगुळीत, कोरं. तुळईला टांगलं तर होसियतबीबी त्याच्याकडे खुशाल पाय करून घोरू लागली. ओयदिन मात्र त्याच्याखाली बसून राहिली. एवढं कोरं कापड तिने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. त्यात न झालेलं सगळं स्पष्ट दिसत होतं.

काठ तर शिवायचाच होता. तिने लाल धागा घेतला, त्याच रंगाचा, त्याच झळाळीचा. चार दिवस शिवत होती.

निघायच्या सकाळी तुरोबने झेंडा काठीला बांधायला घेतला. काठावरून अंगठा फिरवताना तो थांबला. पुन्हा मागे फिरवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटाला मात्र चढउतार लागत होते, आंधळ्याला वाट लागावी तसे.

"हे काय आहे गं?"

"आयत," ओयदिन म्हणाली. तिने सानमच्या कानांवरून टोपी ओढली. "चारी काठांनी. एकही अक्षर चुकलेलं नाही, मी दोनदा वाचलंय."

तुरोबने काठीची गाठ आवळली. बाहेर ढोल सुरू झाला होता. "बेकला कळलं तर?"

"आत्ता कळायला नको. नदीवर काझींना हात लावून बघायला सांगा. त्यांना कळेल. ते मनापासून वाट बघतायत."

त्याने काठी उचलली. दाराशी वाकला, टोपी सांभाळली, आणि तिथूनच वळून म्हणाला, "या खेपेला पळायला नको वाटतंय मला. एर्गाशला घरीच ठेवायला सांगतो."

"अजिबात नाही," ती म्हणाली. "त्याला अगदी तुमच्या शेजारी उभा करा. आणि टोपी घालू देऊ नका."